वाळूच्या पाईपाला हार

"रेल्वेतला एखादा थरारक अनुभव लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "वाळूबद्दल लिहितो." त्यांनी जपून विचारलं, "वाळू म्हणजे... नदीतून चोरून उपसतात ती?"

"नव्हे हो. इंजिनात भरतात ती."

मला वाटलं फोन कट झाला. पण माणूस सभ्य निघाला. म्हणाला, "बरं, लिहा. पण थरार असू द्या की थोडा."

थरार आहे. पण आधी वाळू. पस्तीस वर्षं मी हुबळीहून गाड्या हाकल्या, बहुतेक मालगाड्या, आणि त्यातही जास्त करून धारवाड, अळणावरवरून लोंढ्याच्या रानात जाणाऱ्या. या पस्तीस वर्षांत मी जर कुणाची मनापासून पूजा केली असेल तर ती वाळूची. त्या पूजेनंच मला एक दिवस तोंडघशी पाडलं, ती हकिगत पुढे येईलच. घाई करू नका. मालगाडी आहे ही.

इंजिनात वाळू असते असं सांगितलं की लोकांना मी थट्टा करतोय असं वाटतं. धारवाडच्या सप्तापुरात आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा शेजारी एक प्राध्यापक होते, पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी मला घर्षणावर पाऊण तास व्याख्यान दिलं, एका पाकिटाच्या मागच्या बाजूला गणित करून दाखवलं, आणि शेवटी विचारलं, "पण देसाई, एवढा त्रास आहे तर चाकांना रबर का लावत नाहीत?" मी म्हटलं, "सर, मग ती बस होईल." त्यानंतर त्यांनी मला शिकवणं सोडून दिलं.

गोष्ट साधी आहे. चाक पोलादाचं, रूळही पोलादाचा. एवढं अजस्र इंजिन, पण त्याचं एकेक चाक रुळाला टेकतं ते जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. म्हणून तर गाडी इतकी हलकी पळते. पळते त्याचं सगळ्यांना कौतुक, थांबते कशी ते कोणी विचारत नाही. ब्रेक लावला की ब्रेक चाकाला धरतो, हे खरं. पण चाकानं रुळाला धरायला नको? रूळ निसरडा असला की चाक थांबतं आणि गाडी थांबत नाही. न्हाणीघरात साबणावर पाय पडलेल्या माणसाला हे मी समजावून सांगायची गरज नाही.

आता निसरडं कधी होतं? लोकांना वाटतं, धो धो पावसात. छे! मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो, लख्ख करतो. घात करतो तो जाता जाताचा पाऊस. हस्ताची भुरभुर, सकाळचं दव, वाऱ्यानं मोडून पडलेल्या कोवळ्या डहाळ्या. रुळावर आलेला गंज, धूळ आणि चेचलेली पानं यांत ही भुरभुर मिसळली की त्याचा लेप होतो, आणि तो लेप चाकाखाली असा काही बसतो की बोटानं चाचपला तर शिकेकाई लावल्यासारखा वाटावा. त्यात अळणावरच्या पुढच्या रानात त्याच दिवसांत वाणी किडे बाहेर पडतात, ते लाल, शेकडो पायांचे. हात लावला की गुंडाळून बसतात. त्यांना रूळ का ओलांडायचा असतो देव जाणे. हजारोंनी येतात, चाकाखाली जातात, आणि मागं काय राहतं ते दिवाळीच्या फराळाच्या अंकात लिहीत नाही.

अशा रुळावर ब्रेक कसा लावायचा? नव्या सुनेनं सासूला सांगावं तसा: वेळेच्या आधी, थोडा, आणि लगेच सैल सोडायचा. मग परत थोडा. एकदम जोर लावलात तर चाक जागच्या जागी अडकतं आणि घसरत जातं. मग ते एका बाजूनं चपटं होतं, आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला 'टक् टक् टक्' करत वाटेतल्या गावागावांत सांगत सुटतं की ड्रायव्हर शहाणा नव्हता. आणि शेवटचा उपाय वाळू. पायाखालचं बटण दाबलं की चाकापुढच्या पाईपातून रुळावर वाळू पडते, इंजिनाची चाकं ती रगडतात, मागच्या चाकांनाही पकड मिळते. ती वाळू मात्र कोरडी ठणठणीत हवी, बारीक चाळलेली हवी. ओली वाळू पाईपात अडकते. वाळू अडकलेलं इंजिन आणि वाळू नसलेलं इंजिन यांत फरक काहीच नाही.

या कोरडेपणाचं मला वेड होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात शेडमधली वाळू दमट लागत होती. मी ती दोन डबे भरून घरी आणली आणि आमच्या सौभाग्यवतींच्या लोखंडी कढईत भाजायला घेतली. सुमनला वाटलं, नवऱ्याला सुबुद्धी सुचली, रवा भाजतोय. शेजारच्या काकू तर वाटी घेऊन आल्या. "उप्पीट केलंय वाटतं?" त्यांनी चमच्यानं ढवळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ती कढई सुमननं पुढे कधी चुलीवर चढवली नाही. पण टाकलीही नाही. चार माणसं जमली की ती काढून दाखवते आणि म्हणते, "आमच्या यांचं रेल्वेतलं मेडल."

माझ्या ब्रेकची परीक्षा घेणारा माणूस गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असायचा. आमचे गार्ड हिरेमठ. मालगाडी म्हणजे अर्धा-पाऊण किलोमीटर लांबण. पुढे मी, मागे ते, मध्ये सगळा माल. हिरेमठांना वाटेत गिरमिट लागायचं. चुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, वर शेव, सोबत मिरची भजी. कागदाचा द्रोण मांडीवर घेऊन ते बसायचे. मी ब्रेक मऊ लावला तर द्रोण जागेवर. धक्का बसला तर चुरमुरे डबाभर. मग वॉकीटॉकीवर आवाज यायचा, "देसाईरी, गिरमिट होयतु." गिरमिट गेलं! मी माफी मागायचो. वरिष्ठांनी काढलेल्या खरडपट्टीपेक्षा मला त्या चार चुरमुऱ्यांचं जास्त वाटायचं. शेवटच्या आठ वर्षांत, पुढे सांगणार आहे तो एक दिवस सोडला तर, हिरेमठांचं गिरमिट एकदाही सांडलं नाही, हे मी छाती फुगवून सांगतो.

आणि इंजिनात माझ्या शेजारी, डाव्या बाजूला, सुजाता. असिस्टंट लोको पायलट. हुबळीचीच, वडील गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात लेथ चालवायचे. ती प्रथम आली तेव्हा बऱ्याच ड्रायव्हरांनी कुरकुर केली. बाईमाणूस, रानातली लाईन, कसं व्हायचं. मी म्हटलं, मला द्या. "उदार आहात," असं साहेब म्हणाले. उदार कसला! मला बडबड ऐकणारं कुणीतरी हवं होतं. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की ऐकणारा मीच होणार आहे.

"अण्णा, तुम्ही वाळूला 'ती' का म्हणता? 'अहो वाळू' म्हणत जा की," ही तिची पहिली थट्टा. मी तिला तीन वर्षांत जे काही शिकवलं ते तिनं शिकून घेतलं, आणि परत मलाच शिकवायला सुरुवात केली. निघण्याआधी वाळूची चाचणी असते. एकानं वर बटण दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी उकिडवं बसून वाळू पडते का ते बघायचं. बाकीचे नुसतं बघायचे. सुजाता पडलेली वाळू मुठीत घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. गोळा झाला तर वाळू दमट. अख्ख्या शेडमध्ये असं बघणारी ती एकटी, आणि हे मीच शिकवलंय असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. त्या वर्षी दिवाळीनंतर तिचं ड्रायव्हर होण्याचं ट्रेनिंग लागणार होतं. माझी निवृत्ती जवळ आली होती, दहा महिन्यांवर.

आता ती हकिगत.

आमच्याकडे खंडेनवमीला शेडमध्ये सगळ्या इंजिनांची पूजा होते. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, ऊस, कुंकू भरलेला कोहळा, चाकाखाली लिंबं. इंजिनं अशी नटतात की लग्नाला निघाल्यासारखी दिसावीत. मी दरवर्षी एक जादा काम करायचो. वाळूच्या दोन्ही पाईपांना हार घालायचो. धारवाडजवळ केलगेरीच्या आमच्या परसात झेंडू भरपूर येतो, सुमन आदल्या दिवशी जाड हार करून द्यायची. समोरच्या लोखंडी जाळीवरून घेऊन दोन्ही पाईपांच्या तोंडाशी तीन तीन वेढे. पोरं हसायची. "अण्णांची वाळवम्मा," म्हणायची. हसू देत. माझी देवी मी निवडलेली. पूजा झाली, नारळ फुटला, की निघण्याआधी तेवढा पाईपावरचा हार मी सोडून ठेवायचो.

त्या वर्षी सोडला नाही.

का, ते सांगतो. ती माझी नोकरीतली शेवटची खंडेनवमी. मनात आलं, राहू दे. लोंढ्यापर्यंत जाऊ दे सजून. सुजातानं सकाळी चाचणी घेतली होती, मुठीतून वाळू सुळकन गळली, एक नंबर. ती चाचणी पूजेच्या आधीची. निघताना ती खाली वाकून म्हणाली, "अण्णा, हे सोडते. पाईप झाकलाय."

"राहू दे ग. फुलंच तर आहेत."

"मग परत एकदा टेस्ट घेऊ?"

"सकाळी घेतलीस की! शुभ दिवशी किती शंका."

ती वर आली. म्हणाली, "मला काय, देवी तुमची." आणि आम्ही निघालो. पस्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या दमट वाळूवर तोंडसुख घेतलं, त्यानं स्वतःच्या हातानं पाईपाच्या तोंडाला झेंडूचा बोळा कोंबला आणि टेस्ट नको म्हणाला. लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

धारवाड सोडेपर्यंत ऊन होतं. अळणावरला आभाळ भरलं. पुढे रानात शिरलो आणि भुरभुर लागली. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं रुळांवर पानांचा सडा पडला होता. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. पुढचं स्टेशन छोटं, त्याचं नाव सांगत नाही. तिथं त्या वेळी एकच लाईन जायची. आम्ही बाजूच्या लाईनला शिरून लाल सिग्नलपाशी थांबायचं आणि समोरून येणारी पॅसेंजर जाऊ द्यायची, असा बेत. सणाचा दिवस, पॅसेंजर भरलेली. स्टेशनात शिरताना उतार आहे.

मी नेहमीपेक्षा बराच आधी ब्रेक लावला. थोडा. सोडला. परत थोडा. वेग उतरायला हवा तसा उतरेना. बुडाखाली एक प्रकारचा गुळगुळीतपणा जाणवतो, चाकांचा आवाज बंद होऊन नुसती सरक ऐकू येते. मी वाळूचं बटण दाबलं. हवेचा फुस्स आवाज आला. सुजाता खिडकीतून अर्धी बाहेर झुकली होती. एरवी माझ्याशी मराठी बोलणारी पोरगी, पण घाबरली की माणसाची भाषा बदलते. ती कन्नडमध्ये ओरडली, "उसुकु बरवल्दु, अण्णा! उसुकु बरवल्दु!"

वाळू येत नाहीये.

ते ऐकलं आणि मला हार दिसला. डोळ्यांपुढे, रुळावर नव्हे. भिजून फुगलेला झेंडू, तीन वेढे, दोन्ही बाजूंना. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला सिग्नलची भीती वाटली नाही, लाज वाटली. मग भीती वाटली. लाल दिवा जवळ येत होता आणि त्याच्या पुढे ती लाईन पॅसेंजरच्या लाईनला मिळत होती. मी इंजिनाचा ब्रेक पूर्ण सोडला, चाकं फिरू दिली, परत लावला. सोडला, लावला. मागच्या डब्यांचा ब्रेक होता तो पूर्ण ओढला. सुजाता हॉर्न वाजवत राहिली. मी आयुष्यात कधी इतक्या सावकाश सरकणाऱ्या गाडीत इतका घामाघूम झालो नाही. सिग्नलचा खांब माझ्या खिडकीपाशी आला, आणि हळूच मागे गेला.

मग गाडी थांबली.

इंजिनाचं निम्मं अंग लाल सिग्नलच्या पुढे. पॅसेंजरची वाट अडली नव्हती, अजून पाचपन्नास पावलं होती. पॅसेंजर बाहेरच उभी केलेली होती, थोड्या वेळानं ती आमच्या शेजारून गेली. खिडक्यांतून लोक आमच्या नटलेल्या इंजिनाला नमस्कार करत होते. एका बाईनं लेकराचा हात धरून त्यालाही करायला लावला. मी मान फिरवली.

वॉकीटॉकीवर हिरेमठ म्हणाले, "देसाईरी, एल्ला सरी अदेनु?" सगळं ठीक ना? गिरमिटाचं नावही नाही. तेवढ्यावरून मला कळलं की सांडलंय.

खाली उतरलो. आणि मी काय केलं ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. स्टेशनमास्तर यायच्या आत मी दोन्ही पाईपांवरचा ओला हार ओरबाडून काढला आणि झुडपात फेकला. ठरवून नाही. हातांनी केलं, डोकं मागून आलं. पाईपाच्या तोंडाशी वाळूचं चिखलाचं बूच बसलं होतं. सुजाता दाराशी उभी राहून बघत होती. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

लाल सिग्नल ओलांडणं म्हणजे आमच्यात खून केल्यासारखं. लगेच दुसरा ड्रायव्हर येतो, तुम्हाला उतरवतात, जबाब घेतात. संध्याकाळी हुबळीला मी लिहून दिलं: 'रूळ अत्यंत निसरडे होते. निघण्यापूर्वी वाळूची चाचणी असिस्टंटनं केली होती, ती ठीक होती. प्रत्यक्षात वाळू आली नाही.' बघा. शब्दन् शब्द खरा. माझे आजोबा धारवाडला वकील होते, त्यांचं रक्त त्या दिवशी कामी आलं. वाचणाऱ्याला एवढंच कळावं की चाचणी त्या पोरीनं नीट केली नसणार.

मला शेवटची गाडी हवी होती. ड्रायव्हर निवृत्त होतो त्या दिवशी त्याचं इंजिन सजवतात, घरची माणसं येतात, हार, पेढे, फोटो. बत्तीस वर्षांचा होतो तेव्हापासून मी ते डोळ्यांपुढे आणत होतो. त्या एका दिवसासाठी मी तो जबाब लिहिला. दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी सुजाता केलगेरीला घरी आली, पांढऱ्या साडीत. तो त्यांचा धम्मचक्राचा दिवस, विहारातून सरळ आली होती, हातात खिरीचा डबा. सुमननं तिला बसवलं. मी ताटातली बन्नीची, म्हणजे शमीची, पानं पुढे केली. आमच्या गावात दसऱ्याला जात-धर्म न बघता सगळे ही पानं सोनं म्हणून देतात. ती पानं घेत म्हणाली, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणरी, अण्णा." बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. मग पान बोटांत फिरवत हसली. "गंमत आहे, नाही? ताटात असलं की सोनं. रुळावर पडलं की साबण."

मी जरा जास्तच मोठ्यानं हसलो. तिनं हाराचा विषय काढला नाही. मीही नाही. खीर चांगली होती. मी वाटी अर्धी ठेवून उठलो.

संध्याकाळी हिरेमठ आले. पानं दिली, घेतली, चहा झाला. मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "त्या पोरीनं काय लिहून दिलंय माहीत आहे का? लिहिलंय, चाचणी मी नीट घेतली नाही, चूक माझी. मी म्हटलं, खुळी का तू, ट्रेनिंग जाईल. तर म्हणते, अण्णांचं शेवटचं वर्ष आहे, त्यांना शेवटची गाडी मिळू दे. मला कुणी इंजिनात घेईना तेव्हा त्यांनी घेतलं होतं." हिरेमठ माझ्याकडे बघत राहिले. "देसाईरी, मी मागच्या डब्यात होतो. मला काही माहीत नाही. पण ती पोरगी आणि चाचणी चुकणार? मुठीत वाळू धरणारी?"

ते गेल्यावर मी सुमनला सगळं सांगितलं. तीच ती, जिनं हार ओवला होता. मला वाटलं रडेल. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि ती जुनी कढई आणून माझ्यापुढे आदळली.

"कढई नासवलीत, मी तिला मेडल म्हटलं," ती म्हणाली. "याला काय म्हणू? ती पोरगी सोनं देऊन गेली आणि तुम्ही घेऊन बसलात, अहो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांपुढे उभा होतो. नवा जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून नेला होता. पाईपाला हार, टेस्ट नको म्हणालो ते, आणि झुडपात काय फेकलं ते. साहेबांनी वाचला. चष्मा काढला.

"पाईपाला हार? कशासाठी?"

"पूजा, साहेब."

"पाईपाची?"

"वाळूची."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू आवरत होते की राग, ते मला आजवर कळलेलं नाही. नंतर चौकशी झाली. नोकरी जायची ती वाचली, लाईन मात्र गेली. उरलेले महिने शेडमध्ये. आणि काम कुठलं दिलं असेल? वाळू वाळवायची, चाळायची आणि इंजिनांत भरायची. आमच्या साहेबांना विनोदाची जाण होती हे तेव्हा कळलं. सुजाताला खोटं लिहून दिल्याबद्दल समज मिळाली, पण ट्रेनिंग वाचलं.

तिनं माझे आभार मानले असतील असं वाटत असेल तर तुम्ही सुजाताला ओळखत नाही. पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी वाळूच्या ओट्यापाशी येऊन म्हणाली, "मी एवढं चांगलं खोटं लिहिलं होतं. तुम्ही नासवलंत."

मी म्हटलं, "माझंही चांगलं होतं. शब्दन् शब्द खरा होता."

"तेच तर," ती म्हणाली. "माझं खोटं सरळ तरी होतं."



ते महिने वाईट गेले असं कसं म्हणू? हुबळीच्या शेडमधून त्या काळात निघालेल्या एकाही इंजिनाची वाळू दमट नव्हती. भट्टीपाशी उभं राहून अंग भाजायचं, चाळणीनं हात दुखायचे, नवे ड्रायव्हर "वाळूअण्णा" म्हणायचे. आताच्या नव्या इंजिनांत चाक घसरलं की कॉम्प्युटर आपणहून वाळू सोडतो. पण ती वाळवावी माणसालाच लागते. निघणाऱ्या प्रत्येकाला मी पाईप बघायला लावायचो. पण गाडी निघताना तिचं पहिलं चाक फिरायचं ना, तेव्हा दर वेळी माझ्या हातातली चाळणी थांबायची. ते खोटं कशाला सांगू.

निवृत्तीच्या दिवशी सुमनला घेऊन गेलो नाही. तिला काय दाखवणार, चाळणी? दुपारी चारपर्यंत काम केलं. शेवटचं इंजिन भरायला आलं. त्याच्या ड्रायव्हरच्या, उजव्या बाजूच्या दारातून सुजाता उतरली. ड्रायव्हर म्हणून नवीकोरी. मागून हिरेमठ, आणि हिरेमठांच्या मागून सुमन, हातात जाड झेंडूचा हार. हे सगळे मिळालेले होते!

मी वाळू भरली. सुजातानं वर जाऊन बटण दाबलं. मी खाली उकिडवा बसलो, पडलेली वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. सुळकन गळली. मी हात वर करून खूण केली. ती खाली आली, सुमनच्या हातातला हार घेतला. मी घाईघाईनं म्हणालो, "इंजिनाला नको हं, बाई, पाया पडतो."

"इंजिनाला कोण घालतंय?" असं म्हणून तिनं तो माझ्या गळ्यात घातला. हार एवढा जाड की हनुवटीच्या वर आला. तिनं तो दोन्ही हातांनी खाली ओढला, तोंड मोकळं केलं, आणि दोन पावलं मागं जाऊन चाचणी घेतल्यासारखं नीट बघितलं. हिरेमठांनी कागदाच्या द्रोणातून गिरमिट पुढे केलं. मला काही दिसेना.

"वाळू गेली डोळ्यांत," मी म्हणालो.

"तुम्हीच चाळलीय ती, अण्णा," सुजाता म्हणाली. "तिच्यात धूळ नसते."